कोड तपासणी की जोडीने लेखन : दूध संकलन प्रणालीच्या कामातील नोंदी

10 जून 2024

बेळगावात टिळकवाडीतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही पाच जण दूध संकलन केंद्रांसाठी प्रणाली लिहितो. खानापूर, चिक्कोडी आणि निपाणी या भागांतील खासगी केंद्रांवर शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) सांगते, आमची प्रणाली दर काढून पावती छापते आणि दर दहा दिवसांनी बिल तयार करते. मे महिन्यात प्रणालीच्या दोन आवृत्त्या पाठोपाठ सदोष अवस्थेत केंद्रांवर गेल्या. दोन्ही वेळा दुसऱ्याने कोड पाहिल्याची नोंद होती, पण ते पाहणे म्हणजे चहा पिता पिता स्क्रीन वरखाली करून ‘ठीक आहे’ असे लिहिणे एवढेच होते. हा शेरा देणारा मीच होतो.

मालकांनी सांगितले, की यापुढे एकाच माणसाच्या भरवशावर कोणताही कोड केंद्रावर जाणार नाही. पद्धत कोणती, ते जुलैअखेर ठरवा. दोन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी 1976 मध्ये मांडलेली औपचारिक तपासणी, जिच्यात प्रत्येकाने आधी कोड वाचून यायचे, बैठकीत एकाने तो ओळीओळीने उलगडायचा आणि सर्वांनी मिळून फक्त दोष शोधायचे. दुसरा म्हणजे केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमुळे 1990 च्या दशकाच्या अखेरीस गाजलेले जोडीने लेखन, जिच्यात एका संगणकासमोर दोघे बसतात, एक टाइप करतो आणि दुसरा वाटाड्याचे काम करतो. जूनमध्ये पहिली पद्धत आणि जुलैमध्ये दुसरी वापरून पाहायची, असे ठरले. बैठकीचे संचालन माझ्याकडे आले, कारण कोड लिहिण्यात मी पाचांत सर्वांत मंद आहे.

12 जून

पहिली बैठक फसली. बिलाच्या 640 ओळी एकाच बैठकीत घ्यायच्या, असे मी ठरवले होते. दोन तासांत 210 ओळी झाल्या आणि त्यानंतर कोणाचेच लक्ष उरले नाही. चौघांपैकी दोघांनी कोड आधी वाचलाच नव्हता. निपाणीहून रोज बसने ये-जा करणाऱ्या सहकाऱ्याने तो येताना मोबाइलवर वाचला होता, आणि ते न वाचल्यासारखेच होते. शिवाय दोष सापडला की तो कसा दुरुस्त करायचा यावर वाद सुरू होई. एका व्हेरिएबलच्या नावावर आमची वीस मिनिटे गेली. आठ मनुष्यतास खर्च झाले आणि हाती आलेल्या तीन दोषांपैकी दोन शुद्धलेखनाचे होते.

13 जून

रात्री फेगन यांचे नियम पुन्हा वाचले, तेव्हा कळले की मी जे जे वगळले होते तेच नेमके कामाचे होते. बैठक दोन तासांपलीकडे न्यायची नाही, तासाला शे-सव्वाशे ओळींपेक्षा वेग वाढवायचा नाही आणि दोष लिहून घ्यायचा, पण तिथे सोडवत बसायचे नाही. त्यात आम्ही आमची भर घातली: ज्याने कोड लिहिला त्याने तो वाचून दाखवायचा नाही, कारण लिहिणारा पानावर काय आहे ते न वाचता मनात काय होते ते वाचतो. प्रत्येकाने कोड कागदावर छापून घ्यायचा, समासात पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि एकाच्याही समासात काही नसेल तर बैठक त्या दिवशी होणार नाही. कागदाचा खर्च पाहून मालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण ते काही बोलले नाहीत.

18 जून

आजच्या बैठकीने मागचा खर्च भरून काढला. बिलाचे कालखंड ठरवणारे फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, चिक्कोडीची नवी अभियंता मुलगी वाचून दाखवत होती. पहिला कालखंड 1 ते 10, दुसरा 11 ते 20 आणि तिसरा 21 पासून पुढे नऊ दिवस, असा अर्थ तिने सांगितला आणि ती स्वतःच थांबली. “सर, मग 31 तारखेचं दूध कोणाच्या बिलात जातं?” ते कोणाच्याच बिलात जात नव्हते. फेब्रुवारीत त्याच ओळीने उलटा घोळ घातला असता, कारण 21 मध्ये नऊ दिवस मिळवले की मार्च लागतो आणि 1 मार्चचे दूध दोन बिलांत मोजले जाते. आमच्या सगळ्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे पाहणाऱ्या चाचण्या, जूनच्या तारखांवर लिहिलेल्या होत्या, आणि जून तीस दिवसांचा असल्यामुळे त्या सगळ्या उत्तीर्ण होत होत्या. लिहिणारा, म्हणजे आमच्यातील सर्वांत अनुभवी सहकारी, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, दोन क्षण कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “माझ्या घरी गोठा आहे आणि मला हे सुचलं नाही.”

22 जून

आठवड्याचा हिशेब मांडला. साधारण 120 ओळींसाठी तिघांचा तयारीचा प्रत्येकी एक तास आणि चौघांचा बैठकीचा एक तास, म्हणजे सात मनुष्यतास लागतात. बिलासारख्या कोडसाठी हे परवडते, पण सेटिंगच्या स्क्रीनसाठी परवडत नाही. तरीही नियम म्हणून या आठवड्यात आम्ही तीही तपासली आणि तो वेळ सरळ वाया गेला.

आणखी एक अडचण आली. कोणाच्या कोडमध्ये किती दोष निघाले, त्याची यादी मालकांनी मागितली. मी ती दिली नाही. फेगन यांनीही तपासणीचे आकडे माणसाचे मूल्यमापन करण्यासाठी वापरू नयेत असे बजावलेले आहे, आणि कारण उघड आहे: यादी वर गेली की पुढच्या बैठकीत मित्र मित्राचा दोष पाहूनही न पाहिल्यासारखा करील. कारहुणवीच्या, म्हणजे बैलांच्या सणामुळे निम्मी केंद्रे आज फोन उचलत नव्हती, त्यामुळे या विषयावर मालकांशी बोलायला मला निवांत तासभर मिळाला.

27 जून

तपासणीने पूर्ण हात टेकले. फॅट मोजणाऱ्या यंत्राकडून सीरियल केबलने येणारे वाचन घेणारा कोड आम्ही परवा तपासला होता. 90 ओळी, सर्वांच्या समासात खुणा, सहा किरकोळ दोष, सगळे दुरुस्त. आज खानापूर तालुक्यातील केंद्रावर तो बसवला, तर दर दहा-बारा वाचनांत एकदा फॅट 3.4 ऐवजी नुसते 3 येऊ लागले. रांगेत किटल्या घेऊन माणसे उभी, बाहेर पाऊस, आणि केंद्राचे सचिव वही उघडून हाताने लिहायला बसलेले. आम्ही जुनी आवृत्ती परत बसवून निघालो. जाण्यायेण्यात आणि तिथे मिळून दोघांचा संपूर्ण दिवस गेला.

परतताना गाडीत लक्षात आले, की त्या बैठकीला बसलेल्या चौघांपैकी एकानेही ते यंत्र चालू असताना पाहिलेले नव्हते. कागदावरचा कोड त्याच्यापुरता बरोबर होता. जे आम्हाला ठाऊकच नव्हते ते कागदावर दिसण्याचा प्रश्न नव्हता.

1 जुलै

जोडीने लेखनाला सुरुवात केली. मालकांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: एका कामाला दोन पगार कशासाठी? युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात जोड्यांना दुप्पट नव्हे, तर एकूण सुमारे 15 टक्के अधिक मनुष्यतास लागले आणि त्यांच्या कोडमध्ये दोषही सुमारे 15 टक्के कमी निघाले, हे मी त्यांना दाखवले. ते म्हणाले, “ते विद्यार्थी होते, त्यांना पगार नव्हता.” या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पहिला दिवस मेज-खुर्च्यांतच गेला. आमची मेजे एका माणसापुरती आहेत आणि दुसऱ्याचे गुडघे ड्रॉवरवर आपटतात. संध्याकाळी दोन मेजे जोडली, जुन्या संगणकाचा एक जादा कीबोर्ड काढला आणि स्क्रीन मध्यभागी सरकवली. ज्यांना ही पद्धत करून पाहायची आहे त्यांनी हे आदल्या दिवशीच उरकावे.

4 जुलै

केंद्राच्या सचिवांना विनवून त्यांचे जादाचे यंत्र आणले आणि मेजावर ठेवले. अण्णा आणि गोकाकचा सहकारी अशी जोडी बसली. तपासायला रोज दोन लिटर दूध आणायचे, प्रत्येक फेरीनंतर यंत्र कोमट पाण्याने धुवायचे आणि उरलेल्या दुधाचा चहा करायचा, असा क्रम लागला आहे. प्रकल्पाच्या खर्चात दूध हे शीर्षक आम्ही प्रथमच लिहिले.

केबलमधून येणारी प्रत्येक अक्षरमाला त्यांनी स्क्रीनवर जशीच्या तशी उतरवून घेतली. चाळिसाव्या वाचनाच्या सुमारास गोकाकच्या सहकाऱ्याने अण्णाचा हात धरला. यंत्राने ‘3’ पाठवले होते आणि ‘.4’ पुढच्या तुकड्यात आले होते. केबलमध्ये त्या क्षणी जेवढे आले असेल तेवढे उचलून आमचा कोड मोकळा होत होता. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तो थांबतच नव्हता. दुरुस्ती चार ओळींची होती आणि ती दुपारच्या जेवणाआधी झाली. जूनमधल्या बैठकीत याच 90 ओळींवर सात मनुष्यतास गेले होते.

9 जुलै

पावतीचे काम. आमच्या केंद्रांवर काही सभासदांना मराठीत तर काहींना कन्नडमध्ये पावती हवी असते, आणि 58 मिलिमीटरच्या स्वस्त थर्मल प्रिंटरला दोन्ही लिप्या नीट जुळवता येत नाहीत. म्हणून नाव चित्र म्हणून काढायचे आणि 384 ठिपक्यांच्या रुंदीत बसवून पाठवायचे, अशी आमची युक्ती आहे. निपाणीच्या सहकाऱ्याने ओळीची उंची देवनागरी नावे पाहून ठरवली होती. शेजारी बसलेला गोकाकचा सहकारी पहिली कन्नड पावती बाहेर येताच हसू लागला, कारण बसप्पाचा बसप झाला होता आणि मल्लव्वाचा मलव. कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे अक्षर खाली लटकते, त्याला ते ओत्तक्षर म्हणतात, आणि ते नेमके कापले जात होते. निपाणीच्या सहकाऱ्याला कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. त्याला ती पावती उत्तम दिसली होती. उंची आठ ठिपक्यांनी वाढवली.

11 जुलै

या पद्धतीची दुसरी बाजू आज पाहिली. अण्णा आणि चिक्कोडीची मुलगी यांची जोडी तीन दिवस बसली आहे आणि या तीन दिवसांत कीबोर्ड एकदाही तिच्या हाती गेला नाही. अण्णा भरभर टाइप करतो, ती “हो सर” म्हणते. जून महिन्यात 31 तारखेचा प्रश्न विचारणारी हीच मुलगी आहे. तिला वेगळे विचारले तेव्हा ती म्हणाली, की कागद हातात असला की रात्री विचार करून प्रश्न लिहून आणता येतो, पण शेजारी बसून मोठ्या माणसाला टोकायचे म्हणजे त्याच क्षणी टोकावे लागते आणि तेवढ्यात तो पुढच्या ओळीवर गेलेला असतो.

उपाय म्हणून नियम केला, की ज्याला त्या भागाची माहिती कमी आहे त्याच्याच हाती कीबोर्ड राहील. स्वयंपाकघरातला गजराचा टायमर घरून आणला. पंचवीस मिनिटांनी तो वाजला की जागा बदलायच्या. अण्णाला पहिला तास फार जड गेला, आणि त्याने ते बोलूनही दाखवले.

16 जुलै

पावसाने एक सहकारी दोन दिवस आलेला नाही. फोन कानाला लावून आणि स्क्रीन वाटून घेऊन जोडी चालवून पाहिली. वीज दोनदा गेली आणि नेटवर्क त्याहून अधिक वेळा. दोन दिवसांत अर्ध्या दिवसाचे काम झाले. यापुढे जोडी एका मेजावर असेल तरच बसेल, नाही तर ज्याने त्याने एकट्याने लिहावे.

19 जुलै

एका केंद्राने दरपत्रक बदलले. फॅटच्या प्रत्येक 0.1 पायरीला लिटरमागे 30 पैशांचा फरक. नवा कोड अण्णा आणि निपाणीच्या सहकाऱ्याने जोडीने लिहिला, नियमाप्रमाणे जागा बदलत, बोलत, टेस्ट लिहीत. इतकी सुरळीत बसलेली जोडी मी या महिन्यात पाहिली नव्हती. दोघांनी पाहिले आहे म्हणून तो कोड आणखी कोणी वाचला नाही. रात्री केंद्रावर गेला.

23 जुलै

सचिवांचा फोन. “ओ सर, फॅट तीन-तीनला रेट कमी पडूलाय की. लोकं बोलायलीत.” आम्ही 3.3 घालून पाहिले, तर खरोखर 3.2 चा दर येत होता, 3.5 घातले की बरोबर. कारण सापडेना. संध्याकाळच्या रांगेपूर्वी काहीतरी करायचे म्हणून यंत्राच्या वाचनात 0.001 मिळवण्याची ठिगळ लावली आणि दर सुधारला. मला ते मान्य नव्हते, पण मी थांबवले नाही.

24 जुलै

प्रयोगाच्या वेळापत्रकात नसलेली तपासणी बैठक घेतली. 70 ओळी, लिहिणारे दोघे गप्प बसणार, वाचणार चिक्कोडीची मुलगी. तिने दरपत्रकाचा तक्ता भरणारी ओळ घेतली: पायरीचा क्रमांक 33 असेल तर त्याला 0.1 ने गुणायचे म्हणजे 3.3 मिळते. मी संचालक म्हणून विचारायचे ते विचारले, “मिळते का?” गोकाकच्या सहकाऱ्याने शेजारच्या संगणकावर तेवढाच गुणाकार टाइप केला. उत्तर आले 3.3000000000000003.

खोलीत कोणी काही बोलले नाही. संगणकाला 0.1 ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, नेमकी साठवता येत नाही, हे पाचही जणांना महाविद्यालयापासून ठाऊक आहे. तक्त्यातली पायरी 3.3 पेक्षा अगदी किंचित मोठी झाली, आणि ‘वाचनाएवढी किंवा त्याखालची सर्वांत जवळची पायरी घ्या’ या आमच्या नियमाने प्रणाली 3.2 वर उतरली. मग आम्ही 3.0 ते 4.0 मधल्या अकराही पायऱ्या तपासल्या. 3.3, 3.4, 3.8 आणि 3.9 या चार चुकत होत्या, बाकीच्या सात बरोबर येत होत्या. जोडीने टेस्ट 3.5 आणि 4.0 वर लिहिल्या होत्या, कारण त्यांचा हिशेब तोंडी करता येतो.

दोघे मिळून हे का दिसले नाही, यावर मी दोघांशी वेगवेगळे बोललो. अण्णा म्हणाला, की गुणाकाराची ओळ टाइप होताना त्याच्या मनात क्षणभर आले होते, पण शेजारचा निश्चिंत दिसला. निपाणीचा सहकारी म्हणाला, की अण्णा काही बोलला नाही म्हणून तो निश्चिंत होता. दोन माणसे तीन तास एकत्र बसली की त्यांचे एकच डोके होते, आणि नवा डोळा म्हणून त्या जोडीतला कोणीच उरत नाही.

ठिगळ काढली. फॅट आता पूर्णांकात, म्हणजे 33 असे, आणि रक्कम पैशांत साठवतो. यंत्राकडून आलेल्या ‘3.3’ या मजकुरातला बिंदू काढून टाकला की काम झाले, दशांश अपूर्णांक मध्ये कुठेही येत नाही.

26 जुलै

चार दिवसांच्या नोंदी पुन्हा मोजल्या. 612 लिटर दुधाला पायरीमागे 30 पैसे कमी, म्हणजे 183 रुपये 60 पैसे. केंद्रावर जाऊन प्रत्येक सभासदाच्या खात्यात फरक जमा केला. जाण्यायेण्याचे डिझेल त्याहून जास्त झाले. एका आजींचे 90 पैसे निघाले. त्यांनी पावती उन्हाकडे धरून पाहिली, घडी घालून ठेवली आणि विचारले, की मागच्या महिन्याचेही असेच होते का. तसे नव्हते, पण ते त्यांना पटवायला सचिवांची वही काढावी लागली.

30 जुलै

निर्णय लिहून मालकांना दिला. मागितला होता एक पर्याय, दिले दोन्ही, आणि त्यावर ते नाराज आहेत. यंत्र, प्रिंटर आणि परक्या प्रणालीशी जोडणी हे सारे काम ती वस्तू मेजावर ठेवून जोडीने होईल. नवीन माणूस पहिले दोन महिने जोडीतच बसेल, कीबोर्ड त्याच्या हाती. ज्या फाइलमध्ये रुपया किंवा तारीख आहे ती, मग ती एकट्याने लिहिलेली असो वा जोडीने, जोडीबाहेरच्या माणसांनी कागदावर तपासल्याशिवाय केंद्रावर जाणार नाही. अशा फाइली आमच्याकडे नऊ आहेत. सेटिंगच्या स्क्रीन आणि अहवालांना पूर्वीसारखी एका माणसाची नजर पुरे, फक्त ती चहा पिताना नको.

अण्णाचे मत वेगळे आहे आणि तेही नोंदवतो: तपासणी उशिरा होते, तोवर लिहिणाऱ्याचा जीव त्या कोडमध्ये अडकलेला असतो आणि मोठा बदल सुचवायला कोणी धजत नाही. हे खरे आहे. 19 जुलैचा तक्ता 18 तारखेला कोणी कागदावर काढून दाखवला असता तर पूर्णांकाची कल्पना तेव्हाच निघाली असती.

1 ऑगस्ट

काल 31 तारीख होती. तिसऱ्या कालखंडाचे बिल अकरा दिवसांचे निघाले. तिन्ही तालुक्यांतील केंद्रांवर फोन करून खात्री केली.

6 ऑगस्ट

7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे आणि त्याआधी सभासद केंद्राकडून उचल घेतात, जी पुढच्या बिलांतून हप्त्याने कापायची असते. तो कोड कालपासून गोकाकचा सहकारी आणि चिक्कोडीची मुलगी जोडीने लिहीत आहेत. त्यात रुपयाही आहे आणि तारीखही, म्हणून गुरुवारी दहा वाजता बैठक ठेवली आहे आणि वाचून दाखवण्याचे काम अण्णाकडे दिले आहे. त्याने आज संध्याकाळीच छापील प्रत मागून घेतली. उचल घेतलेला सभासद मध्येच दूध घालायचा थांबला तर बाकी कोणाकडून वसूल करायची, असे त्याने पहिल्याच पानाच्या समासात लिहिलेले मी जाताना पाहिले.